सातवा गडी

कपडे बदलायच्या खोलीत आठ जण बूट बांधत होते. थोरल्याने पुन्हा मोजलं, लॉकरच्या आड कुणी वाकून बसलंय का तेही पाहिलं. कुणी नव्हतं. आठ म्हणजे आठच.

"आठ जण काय खेळणार? पत्ते?" सकाळी बायकोने विचारलं होतं. थोरला प्लंबर होता. लोकांचे नळ रविवार बघून फुटत नाहीत, आणि हातचं काम सोडून हा मैदानावर निघालेला पाहून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता.

"नियमात सात चालतात," तो म्हणाला होता. "माझ्याकडे एक जास्तच आहे."

याला म्हणतात उसनं अवसान. पण माणसाकडे स्वतःचं नसलं की उसनं आणावंच लागतं.

ही फुटबॉलची चॅम्पियनशिप आता खेळणाऱ्या कुणाहीपेक्षा वयाने मोठी होती. विजेत्यांची नावं कोरून कोरून ढाल भरली, म्हणून खाली लाकडी पट्टी जोडली, तर तीही भरत आली. त्या ढालीवर थोरल्याच्या क्लबचं, गॅसवाल्यांचं, नाव दोनदा होतं. गॅसच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला हा क्लब. कारखाना कधीच बंद पडला, त्याच्या जागेवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, पण क्लब काही मेला नाही. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, तशी पोरं मात्र एकेक करून दुसरीकडे गेली. नव्या मैदानाचे, नव्या जर्सीचे क्लब काय कमी होते?

आणि आता हा नियम. मैदानात सातपेक्षा कमी गडी उरले की रेफ्री मॅच थांबवणार. एका मोसमात अशा दोन मॅच अर्धवट राहिल्या किंवा सुरूच झाल्या नाहीत की क्लबचं नाव कायमचं कट. कमिटीतल्या उंटावरच्या शहाण्यांनी केलेला नियम, पण नियम तो नियम. गॅसवाल्यांची एक मॅच आधीच गेली होती; व्हॅन रस्त्यात बंद पडली आणि सहाच जण पोचले. आज मोसमातली शेवटची मॅच. कितीही गोलांनी हरलं तरी चालेल, पण शेवटची शिट्टी वाजेल तेव्हा मैदानात सात जण उभे पाहिजेत. थोरल्याला दुसरं काही नको होतं.

समोर होते कालव्यापलीकडचे, आणि त्यांचा कप्तान होता थोरल्याचा सख्खा धाकटा भाऊ. तीन मोसमांपूर्वी तो गॅसवाल्यांना सोडून गेला, वर चार चांगली पोरं घेऊन गेला. तेव्हापासून दोघांचं बोलणं आईमार्फत चालायचं. "त्याला सांग," असं दोघंही तिला म्हणायचे. ती सांगायची, पण वाटेत शब्द जरा मऊ करून.

धाकट्याचंही आज सगळं पणाला लागलं होतं. रेल्वेवाले काल आपली शेवटची मॅच जिंकून पहिल्या नंबरावर बसले होते. त्यांना गोलांच्या फरकावर मागे टाकून ढाल घ्यायची तर कालव्यापलीकडच्यांना आज दहा गोलांनी जिंकायला हवं होतं. एरवी कुणी हसलं असतं. पण समोर आठच जण आहेत म्हटल्यावर धाकट्याच्या डोळ्यांत चमक आली.

गोल व्हायला वेळ लागला नाही. गॅसवाल्यांचा गोलकीपर औषधाच्या दुकानात कामाला होता. त्याने जमतील तेवढे अडवले, उरलेले जाळ्यातून काढून आणले. थोरला मागे बचावाला उभा राहून ओरडत होता, "पळा रे! हरतोय म्हणून काय झालं, हात नका टेकू!" मध्यांतराच्या जरा आधी बेकरीवाल्याचा घोटा मुरगळला. दोघांनी धरून त्याला बाहेर नेलं. आता उरले सात. पाच-शून्य.

"आता कुणी पडायचं नाही," मध्यांतरात थोरला म्हणाला. "खरचटलं तरी नाही, श्वास लागला तरी नाही. पडायचं असेल तर घरी जाऊन पडा."

आणि मग तोच पडला.

सात-शून्य झालं होतं. चेंडूमागे वळताना पोटरीत मागून कुणी काठी हाणावी तसं झालं. त्याने वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं. पाय टेकवला, आणि खाली बसला. रेफ्री आला. "उभं राहता येतंय का बघा. नाहीतर सहाच उरतात. मला मॅच थांबवावी लागेल."

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्याने आलं की कशाने, ते त्यालाही सांगता आलं नसतं. एवढी वर्षं चाललेला क्लब आपल्या एका पोटरीपायी बुडणार, या विचाराने त्याला स्वतःची चीड आली.

तेवढ्यात कुणीतरी शेजारी गुडघे टेकले आणि त्याचा मोजा खाली ओढला. धाकटा होता. हातात चिकटपट्टी होती. आईशिवाय, समोरासमोर, तीन मोसमांनंतर तो पहिल्यांदा बोलला.

"पाय ताठ कर, दादा."

तो पट्टी गुंडाळायला लागला. लहानपणी थोरल्यानेच त्याला शिकवलं होतं, खालून वर, घट्ट. थोरल्याने विचारलं, "माझ्यासाठी आलास?"

"मॅच थांबली तर नियमाने आम्हाला तीन-शून्यच मिळतं," धाकटा खाली बघतच म्हणाला. "झालेले सात पण वाया जातात. तू उभा राहिलाच पाहिजेस." मग पट्टीचं टोक दाबत म्हणाला, "तुझ्यासाठी पण आलोय."

"बरं."

"नुसता उभा राहा. तुझे सात भरतील, क्लब वाचेल. आमचं आम्ही बघतो. मध्ये येऊ नकोस. पुढच्या मोसमाला माझ्याकडची दोन पोरं तुला देतो. शब्द आहे."

थोरला भावाच्या खांद्याचा आधार घेऊन उठला, एका पायावर भार टाकला, आणि रेफ्रीला म्हणाला, "चालू करा."

बोलणं पटण्यासारखंच होतं. दोन पोरं म्हणजे नऊ, नऊ म्हणजे पुढच्या वर्षीची निम्मी काळजी मिटली. नुसतं उभं राहायचं, तेही आता त्याला जेमतेमच जमत होतं. तो लंगडत गोलच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. आठवा गोल त्याच्यापासून बराच लांबून गेला. नववा गेला तेव्हा त्याने पाय लांब करून पाहिला आणि कळ मस्तकात गेली. धाकट्याने लांबूनच मान हलवली, नको म्हणून.

शेवटचे क्षण होते. चेंडू धाकट्याच्या पायात आला. गोलकीपर पुढे धावला, धाकट्याने त्याला चकवलं आणि रिकाम्या गोलकडे चेंडू मारला. रिकामा कसला, आत थोरला होता.

विचार करायला वेळच नव्हता, आणि असता तरी फरक पडला नसता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्याने चांगल्या पायावरून अंग झोकून दिलं. चेंडू छातीवर आदळून गोलच्या बाजूने बाहेर गेला, आणि थोरला तोंडावर आपटला. "उठ! उठ!" त्याचे सहाही जण एकदम ओरडले. गवत मुठीत धरून तो गुडघ्यांवर आला, मग उभा राहिला. कॉर्नर घेतला गेला, गोलकीपरने दोन्ही मुठींनी चेंडू लांब ठोसला, आणि शिट्टी वाजली.

नऊ-शून्य. सात गडी मैदानात.

गॅसवाले असे नाचायला लागले की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, ढाल यांनीच जिंकली. थोरल्याला नाचता येत नव्हतं. तो रडला, मोकळेपणी, सगळ्यांसमोर. मग त्याला धाकटा दिसला, मैदानाच्या मध्यभागी एकटाच बसलेला. लंगडत तो तिथपर्यंत गेला.

"एक गोल, दादा." धाकट्याने वर पाहिलं नाही. "एक! सोडला असतास तर तुझं काय जात होतं? वर दोन पोरं मिळत होती."

"तू सोडला असतास?"

धाकट्याने मूठभर गवत उपटलं. "नाही," तो म्हणाला. "तुझ्या या हेकटपणापायीच तर मी क्लब सोडला होता."

"ठाऊक आहे मला."

"आता आईला काय सांगायचं?"

"सांग, दोघंही हरलो म्हणून."

धाकटा उठला. राग अजून चेहऱ्यावर होताच. त्याने भावाचा हात ओढून स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि त्याला मैदानाबाहेर न्यायला लागला.

"दोघं कुठले?" तो चिडूनच म्हणाला. "मी एकटा हरलोय."