दोघीही आत

अकराव्या वळणावर ग्रेनाडाची बॉबस्लेड, म्हणजे बर्फाच्या उतारावरून धावणारी घसरगाडी, उलटली, तेव्हा तिचा वेग ताशी एकशे अठरा किलोमीटर होता. पुढे सुकाणू धरलेली शरमेन आणि मागे ब्रेक सांभाळणारी केझिया, दोघींची डोकी हेल्मेटसकट बर्फावर आपटली आणि तशीच घासत खाली निघाली. केझियाचा उजवा खांदा गाडीबाहेर आला होता. पातळ कपडा क्षणात फाटला आणि कातडी सोलवटू लागली. बर्फानेही भाजतं, हे तिला आत्ता कळलं.

गाडीतल्या दांडीची पकड सोडली असती तर ती सुटली असती. पण शेवटची रेषा ओलांडताना दोघी आत असल्या तरच फेरी मोजतात, मग गाडी उलटी का असेना. नाहीतर देशाच्या पहिल्यावहिल्या हिवाळी स्पर्धेत त्यांच्या नावापुढे वेळेऐवजी नुसती रेघ आली असती.

"केझिया, आहेस का गं मागे?" शरमेन ओरडली.

"आहे. तू गप्प बस, जीभ तुटेल."

पुढच्या वळणावर त्या भिंतीवर आदळल्या. खांदा निखळल्याचा आवाज केझियाने हाडातून ऐकला. तोंडात रक्त आलं. तिने डाव्या हाताची मूठ आणखी आवळली.

रेषेपलीकडे गाडी थांबली. तिथल्या मदतीच्या माणसांनी ती सरळ केली, तरी केझियाची मूठ उघडेना.

"सोड की बाई, पोचलो," शरमेन म्हणाली. तिचं नाक फुटलं होतं.

"आधी फळ्यावर वेळ आली का सांग."

शरमेनने मान वळवून पाहिलं. "आली. शेवटून पहिल्या आलोय."

मग केझियाने एकेक बोट सोडवलं.