दादाच्या कपाटाची दारं

मी दारं बनवतो. घरांची नव्हे, कपाटांची. कपाट दुसऱ्याचं आणि दार माझं, असा हा अर्धवट धंदा आहे. खोक्यातून सुट्या फळ्या येतात, सोबत स्क्रूंची पिशवी, चित्रांचा कागद आणि एक वाकडा पाना. माणसं ते कपाट सुट्टीच्या दिवशी एकमेकांवर ओरडत जोडतात. चार-पाच वर्षांनी सांगाडा ठणठणीत असतो, पण दारं पाणी पिऊन फुगतात, नाहीतर घरातल्या कुणाला तरी त्या पांढऱ्या रंगाचा वीट येतो. मग लोक माझ्याकडे येतात. सांगाडा तोच, बिजागऱ्या त्याच, दार नवं. बाजारात मला दारवाला म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाला गेली तीन वर्षं दाराऐवजी पडदा आहे, त्यामुळे बायको मला काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

दुकानात मी स्वतःच्या हाताने रंगवलेली एक पाटी आहे: 'आधी मोजा, मग बोला.' येणाऱ्या प्रत्येकाला मी ती मोठ्याने वाचून दाखवतो. कारखान्याच्या मापावर विसंबू नका म्हणतो. मॉडेलचा नंबर तोच, कपाट तेच असलं, तरी जोडणारा माणूस वेगळा असतो, म्हणून सांगाडा वर, मध्ये, खाली असा तीनदा मोजा म्हणतो. एका निवृत्त बाईंनी तर हे वहीत उतरवून घेतलं होतं. त्या दिवशी मी दुपारभर हवेत होतो.

आता दादाचं. माझा थोरला भाऊ शाळेत भूगोल शिकवतो. तीन वर्षांपूर्वी बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं, उजवा खांदाही कामातून गेला. त्यानंतर ते चाकांच्या खुर्चीत आले ते आलेच. दादाने त्यांना आपल्या घरी नेलं. बाबा दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी आम्ही सगळे जमलो होतो. त्यांच्या खोलीत नवं कपाट होतं, दादाने एकट्याने जोडलेलं. मी उघडून पाहिलं, तर खाली असायचे ते कप्पे वर, आणि वर असायची ती कपडे टांगायची दांडी खाली, कमरेपाशी. डावी बाजू उजवीकडे, उजवी डावीकडे, आणि दोन्ही डोक्यावर उभ्या.

दुसरा कुणी असता तर हसू गिळून दार लावून घेतलं असतं. मी खोलीभर लोकांना हाक मारली. "अरे या, या, बघा! भूगोलाच्या मास्तरांनी कपाटाला शीर्षासन करायला लावलंय. यांच्या नकाशात उत्तर खालीच असणार!"

सगळे हसले. आत्या तर डोळे पुसत हसली. दादाच्या हातात तो वाकडा पाना होता, तो त्याने खिशात टाकला.

तेव्हापासून दादा माझ्याशी एकेका शब्दात बोलायचा. "ये." "बस." "निघालास?" मी महिन्यातून एकदा बाबांना भेटायला जायचो. वहिनी बाबांना बाहेरच्या खोलीत आणायच्या आणि मी पाहुण्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसायचो. दादाला साधी थट्टा सोसत नाही, असं मी बायकोला सांगायचो. आणि दुकानात, कपाट कसं जोडू नये याचा नमुना म्हणून, शीर्षासनाचा किस्सा प्रत्येक गिऱ्हाइकाला. तीन वर्षांत तो किस्सा चांगलाच घासूनपुसून गुळगुळीत झाला होता.

मग एके दिवशी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, बाबांच्या कपाटाची दारं खालून फुगली हो. खुर्चीच्या चाकांबरोबर न्हाणीघरातलं पाणी येतं ना. काढूनच ठेवलीत. उघड्या कपाटात कपड्यांवर धूळ बसते, बाबांची चिडचिड होते. येऊन मापं घेऊन जाल का?"

खरं सांगतो, मला जायचं होतं. पण मापं घ्यायची म्हणजे आतल्या खोलीत जायचं, त्या कपाटासमोर ओणवं व्हायचं, आणि मागे दादा उभा. धीर झाला नाही. म्हणालो, "वहिनी, त्या नंबरची मापं मला झोपेतसुद्धा पाठ आहेत. दारं घेऊनच येतो."

"एकदा बघून गेला असतात तर..."

"वहिनी, हा माझा धंदा आहे."

मनात मी ठरवलं होतं की ही दारं म्हणजे माझी माफी. तोंडाने मागायची आपली ऐपत नाही, निदान हाताने मागू. जपून ठेवलेला सागाच्या लाकडाचा एक पातळ पापुद्रा होता, त्यावरच्या रेषा अशा की डोंगरामागे डोंगर उभे राहावेत. तो दोन्ही दारांना लावला, शिखरं वर. कडा बोटाने तपासल्या, तीनदा पॉलिश केलं. बिजागऱ्यांच्या वाट्या दारात रुतून बसतात, त्यांच्यासाठी भोकं पाडली ती कारखान्याच्या तक्त्याप्रमाणे: वरून नऊ सेंटिमीटर, खालून सोळा. मूठ लावली जमिनीपासून एकशेवीसवर, उभ्या माणसाच्या हाताशी. आणि आतल्या बाजूला वरच्या कोपऱ्यात दुकानाचं स्टिकर चिकटवलं.

शनिवारी सकाळी दारं घेऊन गेलो. बाबा खुर्चीत, वहिनी उंबऱ्यात. दादाने दार एका बाजूने धरलं. मी बिजागरी सांगाड्याला टेकवली.

बसेना.

वरची बिजागरी जिथे यायला हवी तिथून सात सेंटिमीटर दूर. मी फरशीला उतार आहे म्हणालो. मग भिंत ओळंब्यात नाही म्हणालो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! दादा दार धरून उभाच होता. मी टेप काढला, सांगाडा मोजला, आणि हात तिथेच राहिला. वरून सोळा, खालून नऊ.

कपाट उलटं होतं. ते उलटं आहे हे सबंध गावात सांगत फिरणारा माणूस मी. ते मुळात सगळ्यांना ओरडून दाखवणारा मी. आणि भोकं पाडली सरळ कपाटाची, तीसुद्धा मीच!

"दादा," मी म्हणालो, "चुकलो रे. कपाट उलटं आहे हे विसरलोच."

"विसरलास?" दादा म्हणाला. "दुकानात तर रोज सांगतोस."

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. "तुला कुणी..."

"आमच्या शाळेतल्या चौघांनी तुझ्याकडून दारं करून घेतली आहेत. चौघांनीही शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. नकाशासकट."

मी टेप गुंडाळत राहिलो, आणि मग तीन वर्षांपूर्वी विचारायचा प्रश्न शेवटी तोंडातून निघाला. "पण दादा, तू ते उलटं जोडलंस कशाला?"

बाबा म्हणाले, "सरक जरा."

मी सरकलो. बाबांनी खुर्ची कपाटाशी नेली. डावा हात मांडीवर ठेवला, उजवा उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. दांडी बरोबर तिथेच होती. त्यांनी एक सदरा बाजूला सारला, दुसराही सारला, तिसरा काढून मांडीवर घेतला आणि बटणं सोडायला लागले.

"हा इथवरच जातो," ते खांद्याकडे बघून म्हणाले. "पण कपडे माझे मी काढतो."

"बाबा यायच्या आधी चार दिवस हे इथे खुर्ची टाकून बसले होते," वहिनी म्हणाल्या. "हात छातीच्या वर न्यायचा नाही, आणि दांडी कुठे लागते ते बघायचं. दोनदा जोडून दोनदा सोडलं त्यांनी हे कपाट."

त्या दिवशी मी हे कपाट उघडलं तेव्हा बाबा चाकांच्या खुर्चीत माझ्याशेजारीच होते. खुर्ची दिसली, दांडी दिसली, आणि मला सुचला तो विनोद. लाज वाटली. इतकी, की तिथून पळून जावंसं वाटलं.

"ही दारं परत नेतो," मी म्हणालो. "आठवड्यात नवी आणतो. या वेळी मोजून."

"आणखी आठवडा?" बाबा म्हणाले. "कपड्यांवरची धूळ झटकून झटकून माझा दुसरा खांदाही जाईल."

दादा मघापासून हातातल्या दाराकडे बघत होता. "उलटं कर," तो म्हणाला.

"काय?"

"दार. कपाट उलटं, तर दारही उलटं. डावं उजवीकडे लाव, उजवं डावीकडे."

माझं तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की मग रेषा उलट्या होतील, सगळे डोंगर खाली डोकं वर पाय होतील, धंद्यातला कुणीही बघेल तर पोट धरून हसेल. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बोलण्याआधी मिटलं.

आम्ही दोघांनी मिळून दार फिरवलं. बिजागऱ्या आपापल्या जागी टक टक बसल्या. दुसरं दारही बसलं. एकशेवीसवरची मूठ आता सत्तरवर आली होती. बाबांनी हात न उचलता, फक्त पुढे करून ती धरली. दार उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं. पाचव्यांदा उघडलं तेव्हा वहिनींनी तोंड फिरवून डोळ्यांना पदर लावला.

उघड्या दाराच्या आत, खालच्या कोपऱ्यात माझं स्टिकर डोक्यावर उभं होतं. मी गुडघ्यांवर बसून ते नखाने खरवडायला लागलो.

"राहू दे," दादा म्हणाला.

तो माझ्याशेजारी खाली बसला, मान पार खांद्यावर टाकून एकेक अक्षर वाचायला लागला. "आधी... मोजा... मग... बोला."

वाचून झालं तरी त्याची मान तशीच वाकडी होती. मग त्याचे खांदे हलायला लागले. दादा हसत होता. तीन वर्षांनी, आणि तेही माझ्याकडे बघून.

"काढू नकोस," तो म्हणाला. "कुणी बसवलीत ते येणाऱ्याजाणाऱ्याला कळू दे. आणि हे बघ, आता आतच बस. जेवूनच जा."

मी मोजलं नाही, पण एका शब्दापेक्षा ते बरंच जास्त होतं.