दोरे उपसलेली सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे आणि सध्या माळ्यावर गुंडाळी होऊन डुलक्या काढते. डोळा लागला की मला वसमतचा तो माग दिसतो. खतीजाबी लाल-निळे सूत ठोकून ठोकून बसवत असत. तेव्हा माझ्या अंगावर एकही दोरा वर आलेला नव्हता आणि मला त्याचा फार तोरा होता.

१९३८ साली शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गाने मला विकत घेतले. गावोगावचे मास्तर तिथे शिकवायला शिकत. सरावाच्या पाठासाठी जवळच्या शाळेतली मुले आणून माझ्यावर बसवत. वर्गाचे प्रमुख मोहियोद्दीनसाहेब मागे भिंतीशी उभे राहत. धडा कंटाळवाणा झाला की मुलांची बोटे नकळत माझे दोरे उपसू लागत. मला गुदगुल्या होत आणि रागही येई. साहेब मात्र पाठ संपल्यावर वाकून मला न्याहाळत. फार दोरे निघालेले दिसले की मान हलवत.

तिथे शिकणाऱ्या मास्तरांपैकी रखमाजी कुरुंद्याचे. घरी मेंढरे, आणि घराण्यात शिकलेले ते पहिलेच. सरावाच्या पाठात ते दोनदा नापास झाले. पहिल्या पाठात अर्धा तास एकटेच बोलले. मग त्यांनी शिकवण्याच्या साऱ्या पद्धती घोकल्या आणि दुसऱ्या पाठात प्रश्न, गट, नाटुकले, सगळे एकदम ओतले. मुले भांबावली. माझा एक कोपरा पार विस्कटला.

“रखमाजी, एकाच ताटात सगळं वाढलंत,” साहेब हसून म्हणाले. “लेकराचं पोट केवढं, पाहिलं काय?”

“मंग कोणती पद्धत चांगली, साहेब? एकच सांगा. आता नापास झालो तर मेंढरांमागं जावं लागंल.”

“मी कसं सांगू? आधी धडा पाहा. तो कानानं समजतो का हातानं? मंग लेकरं किती, वेळ किती, ते पाहा. पद्धत बराबर सापडते.”

तिसरा पाठ मोजमापाचा होता. सर्वांनी एकच माप का वापरावे, हे रखमाजी समजावू लागले. थोड्याच वेळात माझा एक दोरा सुटला, मग दुसरा. रखमाजींची नजर मुलांच्या बोटांवर गेली आणि ते मध्येच थांबले. माझा जीव टांगणीला लागला.

“उठा रे सगळे,” ते म्हणाले. “ही सतरंजी किती लांब हाय, आपापल्या वितीनं मोजून सांगा.”

मुले माझ्यावरून रांगू लागली. खरे सांगते, ते इवले हात अंगावरून सरकताना मला स्वप्नात असल्यासारखे वाटत होते. एकाच्या वीस विती भरल्या, एकीच्या चोवीस.

“तुझी वीत खोटी हाय.”

“काहून? तुझाच हात मोठा हाय.”

रखमाजींना उत्तर माहीत होते, पण ते ओठ घट्ट मिटून राहिले. शेवटी ती मुलगीच म्हणाली, “मंग सगळ्यांनी एकाचीच वीत धरू.”

साहेब वही घेऊन पुढे आले. “रखमाजी, तुमचा निकाल ऐका.”

“जरा थांबा साहेब,” रखमाजी मुलांवरची नजर न काढता म्हणाले. “कोणाची वीत धरायची, ते अजून ठरायचं हाय.”

साहेबांनी वही मिटली आणि ते पुन्हा भिंतीशी जाऊन उभे राहिले. निकाल दुसऱ्या दिवशी सांगितला. रखमाजी पास झाले, पण ते मला आदल्या दिवशीच कळले होते.

१९४८ च्या पोलिस कारवाईच्या गडबडीत वर्ग बंद पडला आणि मी इथे आले. उंदरांचा त्रास आहे, धूळ तर विचारू नका. मित्रांनो, मला खाली काढा, झटका, दोन दिवस उन्हात घाला. पण नवीसारखी दिसावी म्हणून पुन्हा जपून ठेवू नका. माझ्यावर लेकरे बसवा, आणि त्यांना थोडे उठूही द्या.