पाच घरचा फराळ

आमच्या घरात पत्र लिहायचं काम माझं. अप्पांचे डोळे अधू झालेले, आणि आईची शाळा दुसरीत सुटली तेव्हाच तिचा लिहिण्याचा हातही सुटलेला. त्यामुळे पंचावन्नच्या ऑगस्टमध्ये माझा धाकटा भाऊ बाळ जर्मनीला गेला, तेव्हापासून डोंबिवलीहून दर रविवारी जाणाऱ्या पत्रात मजकूर त्या दोघांचा आणि अक्षर माझं. शेवटच्या दोन ओळी ठरलेल्या: 'अप्पांचा आशीर्वाद. आईचा आशीर्वाद.' खाली सही मंदाताईची.

बाळ गेला तो विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत. इथली काही मुलं वर्षभर तिकडे शिकणार, तिकडची काही इथे. ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसमध्ये तीस वर्षं बॉयलरपुढे उभं राहिलेल्या अप्पांना याचं इतकं कौतुक, की आखेन गाव कुठे आहे हे ते भाजीवाल्यालाही समजावून सांगत. त्याच्या शिक्षणापायी मी कॉलेज सोडून कल्याणच्या शाळेत मास्तरीण झाले, हे भाजीवाल्याला कुणी सांगितलं नाही. राग होता, अजूनही आहे. पण ते जाऊ दे.

बाळची सुरुवातीची पत्रं म्हणजे नुसती रड. माडीवरची खोली, तिथे शेगडीला मोजून कोळशाच्या विटा. आंघोळ शनिवारीच. पाव काळा आणि आंबट, भाजी म्हणजे बटाटा, आणि बटाट्याला कंटाळलात तर पुन्हा बटाटा. रस्त्यात अजून लढाईत पडलेली घरं. वर्गात जर्मन इतक्या वेगात चालतं, की पुण्याला तीन महिने शिकलेलं सगळं धुऊन निघालं. पहिलं व्याख्यान संपल्यावर याने एकट्याने टाळ्या वाजवल्या आणि सगळा वर्ग वळून बघायला लागला. तिकडे टाळ्या नाहीत, बाकावर बोटांनी टकटक करतात. हे वाचून अप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग दर पत्र वाचून झालं की ते खाटेच्या लाकडावर टकटक करायचे. मी बाळला तसं कळवलं. पुढच्या पत्रात रड जरा कमी होती.

घटस्थापनेला चार दिवस असताना अप्पांच्या छातीत कळ आली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. मधे शुद्ध होती तेवढ्यात त्यांनी आम्हा दोघींना शपथ घातली.

"बाळला कळवायचं नाही. जूनमध्ये शिक्षण संपेपर्यंत नाही. मी ओळखतो त्याला, पहिल्या बोटीने परत येईल आणि जन्मभर म्हणेल, अप्पांमुळे राहिलं."

अग्नी चुलतभाऊ परशुरामने दिला. तेरावं झालं. त्यानंतरच्या रविवारी आई माझ्यापुढे दौत ठेवून म्हणाली, "मंदे, पत्र राहिलंय."

मी लिहिलं. अप्पा बरे आहेत, डोळ्यांत औषध घालतात, तुझं पत्र वाचून टकटक केली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. खोटं लिहायला इतकं सोपं जातं याची मला शिसारी आली.

त्याची पत्रं यायची त्यांवर मायना असायचा, 'ती. अप्पा व ती. सौ. आई यांस'. मी मोठ्याने वाचायची. 'सौ.' आलं की आई पदर कपाळावर ओढून घ्यायची. एकदा मी तो शब्द गाळला, तर म्हणाली, "सगळं वाच. त्याने लिहिलंय ना?"

मग दिवाळी आली. बोटीवर चढताना बाळने आईकडून फराळाच्या डब्याचं वचन घेतलं होतं, आणि प्रत्येक पत्रात त्याची आठवण होती. डबा गेला नाही तर त्याला शंका येणार. पण गमीच्या वर्षी घरात तळण करत नाहीत. आई म्हणाली, "यंदा कढई चढायची नाही. त्यांच्यासाठी एवढं तरी खरं राहू दे."

अशा घरी शेजारीपाजारी आपल्या फराळाची ताटं पाठवतात. आमच्याकडेही पाच घरची आली. प्रमोदिनीच्या चकल्या, गंगुबाईंचे लाडू, मागच्या बिऱ्हाडाच्या करंज्या, असं सगळं. आई त्या ताटांकडे फिरकली नाही. मी बसून निवडलं, मोडकं काढलं, डब्यात कागद घालून एकावर एक रचलं. कुणाचं काय हे परदेशात कोण बघतंय, त्याला खाण्याशी मतलब. डबा डाकेने बोटीवर गेला आणि मी स्वतःवर खूश झाले. शपथही पाळली गेली, डबाही गेला. चार बुकं शिकलेल्या मास्तरणीची अक्कल ती एवढी!

फेब्रुवारीत शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावाने बाळचं पत्र आलं. शाळेच्या पत्त्यावर त्याने कधीच लिहिलं नव्हतं. मधल्या सुट्टीत मी ते फोडलं.

'ताई, डबा पोचला. रविवारी टेबलावर सगळं मांडलं. घरमालकीणबाईंना एक एक पदार्थ दाखवणार होतो. मांडता मांडता लक्षात आलं. चकल्या तीन हातांच्या आहेत. शंकरपाळे दोन मापांचे. आणि करंज्या सगळ्या कातण्याने कापलेल्या, मुरड घातलेली एकही नाही. आई मुरडीशिवाय करंजी करत नाही. काळुराम मास्तरांची आई गेली त्या दिवाळीला आपल्या घरचं ताट मीच पोचवलं होतं. त्यांच्या ओट्यावर अशीच पाच घरची ताटं ओळीने होती.

कोण ते लिहू नकोस. हात जोडतो. कळलं तर मी इथे बसू शकणार नाही, आणि उठून आलो तर जे गेलं त्यालाच वाईट वाटेल. परीक्षा मे महिन्यात आहे. तोवर दोघांचेही आशीर्वाद लिहीत जा. मी घरी नेहमीसारखीच पत्रं पाठवीन. टकटक मात्र लिहू नकोस, ती खोटी असली तर मला सोसणार नाही. जूनमध्ये बोटीवरून उतरेन तेव्हा धक्क्यावर कोण उभं आहे ते बघेन.

फराळ टाकला नाही. रोज एक खातो.'

त्या दिवशी सातवीच्या वर्गात मी काय शिकवलं मला आठवत नाही. पोरगा नव्हे, रडका नव्हे, माझ्याहून शहाणा माणूस होता तो, आणि तिथे एकटा होता. त्याच्यावर इतके महिने धरलेल्या रागाची मला लाज वाटली.

पत्र आईपासून लपवायचं ठरवलं होतं. पण घरी आल्यावर माझं तोंड बघून तिने हात पुढे केला, आणि मग मी वाचून दाखवलं. सगळं वाच, हे तिचंच सांगणं.

आईने पत्र माझ्या हातातून घेऊन उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, "त्याला काय वाटत असेल गं? कोण?"

"लिहिलं नाहीये त्याने."

"मीच असेन. मुरडीची करंजी नव्हती ना."

आणि एकदम उठली. फळीवरून डाळीचा डबा काढला, गव्हाचा काढला, तांदूळ काढले, चूल फुंकली. "मेतकूट करते. त्याला तळण लागत नाही. उद्याच पाठव. माझ्या हातचं मेतकूट जिभेला लागलं की कळेल त्याला, आई आहे म्हणून." चार महिन्यांत तिचा चेहरा असा मी पाहिला नव्हता. डाळ भाजल्याचा वास घरभर झाला.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. डाळ तांबूस झाली तसा तिचा हात मंदावला. मग थांबला. तिचं तिलाच समजलं होतं. आपण आहोत हे कळवायचं, तर अप्पा नाहीत हेही त्याच डब्यातून जाणार.

तिने भांडं चुलीवरून उतरवलं. डाळ गार होऊ दिली आणि पुन्हा डब्यात भरून झाकण लावलं.

"राहीन मी जूनपर्यंत मेलेली," ती म्हणाली. "काय बिघडतंय? लिही तू."

"आई, आज मंगळवार आहे."

"असू दे. वाट बघत असेल."

मी दौत उघडली. इकडे सर्व ठीक, अभ्यास जपून कर, थंडीत डोकं झाकून घे. टकटक लिहिली नाही. आई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. मग मी नेहमीसारखा आधी अप्पांचा आशीर्वाद लिहिला आणि त्याच्याखाली आईचा.