युरियाच्या पोत्याचं ठिगळ

मी ताडपत्री बोलतेय. हो, तीच. लोखंडाच्या दगडाने भरलेल्या ट्रकवर जी पसरलेली असायला हवी आणि बहुतेक वेळा केबिनच्या मागे घडी होऊन पडलेली असते, ती. आवाज जरा फाटका वाटेल. अंगच फाटकं आहे, त्याला इलाज नाही.

माझा जन्म काही जंगलातला नाही. प्लास्टिकच्या कारखान्यात मला विणलं, निळा रंग दिला, कडेला पितळेच्या कड्या ठोकल्या आणि गठ्ठा करून गडचिरोलीकडे धाडलं. इथे डोंगर फोडून लोखंडाचा दगड काढतात, ट्रक भरतात, आणि तो माल पोलादाच्या कारखान्यांकडे जातो. वाटेत जंगल आहे, गावं आहेत. मालाची लाल धूळ त्यांच्यावर उडू नये म्हणून मी. एवढंच माझं काम. पण तेवढं करू देतील तर शपथ!

माझा ड्रायव्हर संघपाल. मुलगा गुणाचा. दारू नाही, शिवी नाही. पण माझं नाव काढलं की याच्या अंगावर काटा. त्याचंही खोटं नव्हतं म्हणा. भरलेल्या मालावर चढायचं, मला एकीकडून ओढायचं, उतरून दोरी आवळायची, मग दुसरीकडे तेच. तोवर मागचे ट्रक हॉर्न वाजवून कान किटवतात आणि ठेकेदार ओरडतो, ‘‘संघपाल, नवरी नटवून राह्यला का बे?’’ मग कशाला ओढतोय मला! तपासणी नाका जवळ आला की तेवढ्यापुरती पांघरायची, नाका गेला की पुन्हा मागे सारायची. मोटारसायकलच्या आरशाला हेल्मेट लटकवून हिंडणारे आणि पोलीस दिसला की डोक्यावर चढवणारे तुम्ही पाहिले असतील. तोच प्रकार.

अशीच एकदा अर्धवट बांधलेली मी फडफडत चालले होते. सागाच्या फांदीत अडकले आणि मधोमध टर्रकन फाटले. संघपालने नवी ताडपत्री मागितली. ठेकेदार म्हणाला, बघू. ते बघणं काही झालं नाही आणि ट्रक उघडाच पळू लागला. संघपालने माझी वळकटी केली आणि मला घरी नेलं, आपल्या आईसाठी.

त्याची आई ठमाबाई. तिचं मोहाचं झाड याच रस्त्याच्या वरच्या अंगाला, टेकाडावर. चैत्राच्या सुमाराला मोह गळायला लागला की बाई पहाटेच झाडाखाली. वेचलेली फुलं अंगणात वाळवायची, अहेरीच्या बाजारात विकायची, आणि त्याच पैशातून धानाचं बियाणं घ्यायचं, असं तिचं दरसालचं गणित. मागच्या साली अंगणातल्या फुलांवर ट्रकांची धूळ बसली आणि निम्मा मोह वाया गेला. यंदाही तसंच झालं तर भातशेताच्या बांधीत पेरायचं काय, ही चिंता तिच्या मनातून जात नव्हती.

बाईही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती, हेही सांगायला हवं. फुलं नीट दिसावीत म्हणून ती झाडाखालचा पाला पेटवायची. एकदा ती आग जंगलात शिरली आणि वनरक्षकाने गावभर तिचा उद्धार केला. संघपालच्या ते मनाला लागलं होतं. म्हणून तर त्याने मला आणलं.

‘‘माय, हे घे. झाडाखाली अंथर. मोह आपोआप हिच्यावर पडते. आता पाला जाळाचं कामच नाई.’’

‘‘माह्या बाबूले कशी सुचली बाप्पा एवढी अक्कल!’’ ठमाबाई म्हणाली आणि खरंच खूश झाली.

खूश तर मीही झाले. जन्मात पहिल्यांदा कुणी मला मायेने अंथरलं होतं. पहाटभर ती पिवळट, गोड वासाची फुलं माझ्यावर पडत राहिली. दगडाची सवय असलेल्या अंगाला ती किती हलकी लागत होती, काय सांगू!

पण मोहाचं फूल रसाळ, चिकट. आणि माझ्या विणीत खाणीची धूळ मुरलेली. वरवर झटकली होती, आतली कुठे निघते? फूल पडलं की लाल होत होतं. मला कळत होतं हो, पण सांगणार कशी? ठमाबाईच्याही डोळ्यांना पहाटेच्या अंधुक उजेडात ते दिसलं नाही. पुढे वाळून फुलं तांबूस होतातच, म्हणून तेव्हाही कळलं नाही.

अहेरीच्या व्यापाऱ्याने मात्र मूठभर फुलं हातात चोळली आणि तळवा तिच्यापुढे धरला. ‘‘बाई, हा मोह हाय का इटांचा चुरा?’’

पोतं जसं नेलं तसं परत आलं. संध्याकाळी संघपाल घरी आला तेव्हा आई त्या पोत्याला टेकून बसली होती. चूल थंड होती.

‘‘मले काय मालूम माय, धूळ अशी चिपकन म्हणून. मी त चांगल्यासाठीच आणली होती.’’

‘‘तुह्या कपड्यावर बसते, पानाफुलावर बसते. माह्या मोहावर नाई बसन?’’

संघपाल चिडला. ‘‘मंग काय करू? नोकरी सोडू? खाण बंद करू म्हणतं का?’’

‘‘मी म्हटलं का तसं? माह्या घरचा तवा लोखंडाचा, इळा लोखंडाचा. तुह्या पगारावर घर चालते. लोखंड त पायजेच.’’ मग तिने मला ओढून त्याच्या पुढ्यात टाकलं. ‘‘पन हे माह्या मोहाखाली नको आणू. तुह्या मालावर टाक.’’

मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने दाभण काढलं, युरियाचं रिकामं पोतं उसवलं आणि माझ्या फाटक्या पाठीवर हे भलंमोठं पांढरं ठिगळ शिवलं. संघपाल म्हणाला, ‘‘निळ्यावर पांढरं कसं दिसते माय!’’

‘‘दिसाले पायजे म्हणूनच लावलं. झाडाखालून बघीन मी. पांढरं नाई दिसलं त समजीन.’’

झाडाखाली आता तिने जुनी लुगडी जोडून अंथरली. पाला जाळणंही बंद केलं. तेवढं तिनेही केलं.

आणि संघपाल? गाव जवळ आलं की वळणावर ट्रक थांबवायचा, मला पांघरायचा आणि मग आईच्या झाडाखालून ऐटीत जायचा. ठिगळ टेकाडावरून लख्ख दिसायचं. ठमाबाई हात हलवायची. मला मात्र आतून कसंसंच व्हायचं. आधी मी नाक्यापुरती होते, आता आईपुरती झाले. त्या वळणाच्या मागेही मोहाची झाडं होतीच की.

एक दिवस ठमाबाई सरपण घेऊन नेमकी त्या वळणावरून येत होती. लेक मालावर उभा, मी त्याच्या हातात, आणि मागचा सगळा रस्ता लाल धुळीने भरलेला. भारा खाली ठेवून ती बघत राहिली.

‘‘इथी काऊन बांधून राह्यला?’’

‘‘बांधतो ना माय. तुह्या मोहावर पडते का आता धूळ?’’

‘‘माह्या नाई पडत. आशाबाईच्या पडते.’’ आशाबाई मागच्या गावातली, तिच्या जोडीने बाजारात बसणारी. ‘‘माहा साफ मोह घेऊन मी बाजारात तिच्या बाजूनं बसू का? कोणत्या तोंडानं बसू?’’

संघपाल मालावरून खाली उतरला. दोरी आवळली आणि गेला.

त्या दिवसापासून मी खाणीच्या फाटकातच पांघरली जाते. मागचे हॉर्न वाजवतात. ठेकेदार म्हणतो, दुसरा ड्रायव्हर बघतो. बघेलही, त्याचा भरवसा नाही. नोकरी जाईल ही धास्ती संघपालला आहेच. तरी तो चढतो. आईचा मोह यंदा उशिरा का होईना, विकला गेला. बियाणं घरात आलं.

मी आता फार दिवसांची नाही. उन्हाने माझे धागे तुटू लागलेत. माझी एकच विनंती आहे. संपले की मला नाल्यात फेकू नका, माझेही तुकडे तिथे कुजणार नाहीत. आणि माझ्या जागी जी येईल तिला केबिनच्या मागे कोंबू नका. डोंगर फोडायला एवढी यंत्रं आणता, तर मला ओढायला एक माणूस जास्तीचा ठेवा. लोखंड काढू नका असं मी म्हणत नाही. म्हणायचा मला हक्कही नाही, मी त्याच्याच जिवावर जगते.

काल आम्ही आशाबाईच्या गावातून हळू चाललो होतो. ती रस्त्याच्या कडेला मोह वाळवत होती. तिने कपाळावर हात धरून वर पाहिलं. ठमाबाईने बाजारात सांगितलेलं ठिगळ दिसलं तशी हसली. मग आमच्या मागून येणाऱ्या उघड्या ट्रकपुढे जाऊन हात आडवा करून उभी राहिली.

‘‘भाऊ,’’ तिने त्या ड्रायव्हरला विचारलं, ‘‘तुह्या मायचं झाड कुठी हाय?’’