पक्ष : कोणताही नाही

"यादीत नाव आहे रे तुझं, पण नावापुढे पक्षच नाही," मतदार यादी तपासणारी बर्निस म्हणाली आणि चष्मा नाकावर खाली ओढून तिने ती ओळ पुन्हा वाचली.

एमिल कोवालिक टोपी हातात धरून टेबलापुढे उभा होता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात पक्षात नाव नोंदवलेले मतदारच आपला उमेदवार निवडतात त्या मे महिन्यातल्या प्रायमरीला मत द्यायला तो पहिल्यांदाच आला होता, तोही दाढी करून. गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नेहमीप्रमाणे एका बाजूला मतदान चालू होतं आणि दुसऱ्या बाजूला दलातल्या बायका गरम पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, विकत होत्या. कांदा परतल्याचा वास मतपत्रिकांपर्यंत येत होता.

"पक्ष नाही म्हणजे? माझा बाप डेमोक्रॅट, मी डेमोक्रॅट. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"होतास. फेब्रुवारीत तूच नाव काढून घेतलंस. ही बघ तारीख."

तेव्हा कुठे एमिलच्या डोक्यात उजेड पडला. फेब्रुवारीत तो गाडीचा परवाना नवा करायला गेला होता. मतदार नोंदणीही तिथेच होत असे, म्हणून फोटो काढून झाल्यावर पडद्यावर प्रश्न आला, पक्ष कोणता? एमिलचा राग तसा जुनाच होता. पोलाद कारखाना बंद पडला तेव्हा दोन्ही पक्षांचे लोक येऊन हात हलवून गेले होते. त्याने 'कोणताही नाही' या चौकटीवर इतक्या जोरात बोट दाबलं, की पलीकडची बाई दचकली. मग गावातल्या स्लोव्हाक मंडळींच्या क्लबात जाऊन त्याने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. "दिला राजीनामा! आता कळेल त्यांना!" पाच-सहा म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या आठवड्यात त्यांनीही आपली नावं काढून घेतली. अद्दल घडवायची होती पक्षाला; पक्षाला पत्ताही लागला नाही.

"मग आत्ता घाल नाव परत," एमिल म्हणाला.

"पंधरा दिवस आधी घालायला हवं होतं. आज नाही होत."

"बर्निस, डोलोरेस आहे तिथे."

बर्निसने खाली पाहिलं. डोलोरेस म्हणजे एमिलची बायको. याच टेबलाशी, बर्निसच्या शेजारच्या खुर्चीवर तिने बावीस वर्षं मतदार याद्या सांभाळल्या होत्या. गेली तीन वर्षं ती जिल्ह्याच्या शुश्रूषागृहात होती. नवऱ्याचं नाव तिला कधी आठवे, कधी नाही. आता ते शुश्रूषागृह एका कंपनीला विकायचं चाललं होतं. कंपनी ते बंद करणार आणि म्हाताऱ्यांना दोन तासांवरच्या शहरात नेणार, हे उघड गुपित होतं. जिल्हा मंडळावरच्या एका जागेवर सगळं अडलं होतं. त्या जागेसाठी उभी असलेली रीटा साबोल म्हणत होती विकायचं नाही. तिच्याच पक्षातला दुसरा उमेदवार म्हणत होता विकून टाका.

"नोव्हेंबरात मुख्य निवडणुकीला देईन मग रीटाला," एमिल म्हणाला.

"आज हरली तर नोव्हेंबरात कुठली रीटा? समोरच्यांनी या जागेला माणूसच उभा केलेला नाही. आज जो जिंकेल तो जिंकला."

हेच डोलोरेस चाळीस वर्षं सांगत आली होती. "नोव्हेंबरात नुसतं वाढतात रे, शिजतं ते मे महिन्यात." आणि एमिल तिला हॉलच्या दाराशी सोडून, गाडीत पेपर वाचत म्हणायचा, "दोघेही चोर. मला भूक नाही." तिने कधी हट्ट धरला नाही, याचंच त्याला आता वाईट वाटलं.

"एक करू शकतोस," बर्निस हळूच म्हणाली. "एक सार्वजनिक प्रश्न आहे. तो पक्ष नसलेल्यांनाही आहे."

तिने त्याला एक लहानसा कागद दिला. अग्निशमन दलाला नवा बंब घ्यायला कर्ज द्यावं का? हो किंवा नाही. एमिल आडोशाला गेला आणि बराच वेळ तिथे उभा राहिला. बंबाशी त्याचं काही भांडण नव्हतं. त्याने 'हो'वर खूण केली.

बाहेर पडताना बर्निसने 'मी मत दिलं'चा गोल स्टिकर त्याच्या कोटावर स्वतःच्या हाताने लावला. तो काढायचा त्याला धीर झाला नाही.

शुश्रूषागृहात डोलोरेस खिडकीशी बसली होती. तो कोण, हे तिला त्या दिवशी उमगलं नसावं; पण स्टिकर तिने बरोबर ओळखला.

"अरे वा! मत देऊन आलात! आज तर प्रायमरी. रांग होती का?"

"होती थोडी."

"असू दे. आमच्या ह्यांना सांगा जरा. गाडीत बसून राहतात नुसते." मग पुढे वाकून, "योग्य माणसालाच दिलंत ना?"

"हो," एमिल म्हणाला. बावन्न वर्षांच्या संसारात तिच्याशी इतकं वाईट खोटं तो कधी बोलला नव्हता. त्याने स्टिकर हलकेच सोडवला आणि तिच्या निळ्या स्वेटरवर चिकटवला. ती खूश झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिशा, तिथली सेविका, त्याला दारातच भेटली.

"हरल्या हो रीटाबाई, मिस्टर कोवालिक. फार थोडक्यात. फक्त..."

"आकडा नको सांगूस," एमिल म्हणाला.

पुढच्या मार्चमध्ये म्हाताऱ्यांना शहरात न्यायला व्हॅन आली. टिशाने डोलोरेसला तोच निळा स्वेटर घातला. धुण्यात स्टिकर केव्हाच गेला होता. त्याच्या डिंकाचा गोल डाग तेवढा राहिला होता. एमिल आपल्या गाडीतून व्हॅनच्या मागे निघाला. डोळे अधू झाल्यामुळे त्याच्या नव्या परवान्यावर स्पष्ट छापलं होतं : फक्त दिवसा, महामार्गावर मनाई. फाट्याशी व्हॅन महामार्गावर चढली. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हातात पेपर नसताना तसाच बसून राहिला.