जयवंताबाईंचा अल्बट्रॉस

मंगळवारी सकाळी साडेदहाला शेजारच्या मोहिनीचा फोन आला तेव्हा मधुकरराव हिंगणघाटला हिरालालच्या कापसाच्या जिनिंगमध्ये उत्तरेच्या खिडकीशी उभे होते. हातात सरकी काढलेल्या रुईचा नमुना होता.

"काका, लवकर घरी या जी. काकूले बरं नाई."

"काऊन, चक्कर आली काय?"

"तुम्ही या," मोहिनी म्हणाली.

निघतो म्हणून त्यांनी फोन खिशात ठेवला. पुढ्यात अजून दोन नमुने होते. ते पाहून, त्यांच्या चिठ्ठ्या लिहूनच ते निघाले. त्यात दहा मिनिटं गेली असतील. ते नालवाडीत पोचले तेव्हा घराच्या फाटकाबाहेर चपलांचा ढीग होता. त्यांच्या पत्नी जयवंताबाई दहा वाजताच गेल्या होत्या. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले, कोणी काही करू शकलं नसतं. ते घरी असते तरी काही बदललं नसतं, हे सगळ्यांनी मधुकररावांना सांगितलं. त्यांनाही ते पटत होतं. तरी ती दहा मिनिटं त्यांच्या डोक्यातून जात नव्हती.

मुलगा निकेश जहाजावर इंजिन विभागात कामाला. तांबड्या समुद्रातला रस्ता धोक्याचा झाल्यापासून त्याचं जहाज आफ्रिकेला वळसा घालून जात असे. बातमी पोचली तेव्हा ते आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केपच्या आसपास होतं आणि पुढचं बंदर अठरा दिवसांवर. अग्नी मधुकररावांनीच दिला. तेरवीही निकेशशिवाय झाली. "आता धावपळ करू नको," त्यांनी मुलाला सांगितलं, "काम पुरं करूनच येजो." फोनवर मागे इंजिनाचा आवाज येत होता.

तेरवीनंतर तिसऱ्या दिवशी जयवंताबाईंच्या फोनवर एक निरोप आला. "काकू, तुमच्या अल्बट्रॉसच्या नोंदीबद्दल विचारलंय. वेळ मिळाला की बोलूया. समीक्षा."

मधुकररावांनी तो दोनदा वाचला. समीक्षा कोण हे त्यांना ऐकून माहीत होतं. नागपूरची मुलगी, पक्षी पाहणाऱ्यांच्या मंडळातली. जयवंताबाई बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून अल्लीपूरहून निवृत्त झाल्या आणि मग पक्ष्यांच्या मागे लागल्या. गच्चीवरून, शेताच्या धुऱ्यावरून, तळ्याकाठून पाहिलेला प्रत्येक पक्षी त्या फोनवरून एका जगभरच्या नोंदवहीत टाकायच्या. मधुकररावांनी चाळीस वर्षं कापसाची प्रत ठरवण्याचं काम केलं, पण चिमणी आणि साळुंकी यांच्यापुढे त्यांची ओळख गेली नव्हती. "तुमाले रुईतला कचरा दिसते," बाई म्हणायच्या, "अन् नाकासमोरच्या झाडावरचा पक्षी दिसत नाई."

त्यांनी समीक्षाला फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "काका, मला माहीत नव्हतं. नोंदीचं राहू द्या."

"नाई, सांग. काय विचारलं?"

मग तिने सांगितलं. निकेशने रविवारी जहाजावरून एका अल्बट्रॉसचा फोटो आईला पाठवला होता. हा मोठा समुद्रपक्षी, जन्मभर पाण्यावर राहणारा, जमिनीवर फक्त अंडी घालायला येणारा. विदर्भातल्या माणसाला तो दिसायचं काही कारण नाही. जयवंताबाईंनी सोमवारी दिवसभर पुस्तकं चाळून जात ठरवली आणि आपल्या खात्यातून नोंद टाकली, फोटो निकेशचा असं लिहून. मंगळवारी त्या गेल्या. ती त्यांची शेवटची नोंद. आता केप टाउनकडचा नोंदी तपासणारा माणूस विचारत होता, ही जात कशावरून ठरवली. महिनाअखेरपर्यंत उत्तर नाही आलं तर नोंद बाजूला काढली जाईल.

"बाजूला म्हणजे?"

"म्हणजे कोणाच्या मोजणीत येणार नाही."

"तिचं नाव?"

"नाव राहील, काका. पण ती नोंद धरली जाणार नाही."

मधुकररावांना ते चाललं नसतं. बाईंनी आयुष्यात एक वही अर्धी सोडली नव्हती. "कसा ओळखतेत तो, मले सांग," ते म्हणाले. "मी लिहून घेतो."

समीक्षाने सावकाश सांगितलं. पिवळ्या चोचीच्या अल्बट्रॉसच्या दोन जाती, एक अटलांटिकची, एक हिंदी महासागराची. दोघांची चोच काळी, वरच्या कडेने पिवळी पट्टी. अटलांटिकवाल्याचं डोकं राखी असतं आणि पट्टी कपाळाशी रुंद, गोल होऊन संपते. हिंदी महासागरवाल्याचं डोकं जवळजवळ पांढरं, गालावर फिकट छटा असते तेवढीच, आणि पट्टी कपाळाकडे टोकदार होत जाते.

"अन् कोणता धोक्यात आहे?"

"दोन्ही. धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत दोघंही एकाच पायरीवर आहेत. मासेमारीच्या लांब दोऱ्यांना हजारो गळ लावतात, त्यावरचं आमिष खायला हे पक्षी जातात आणि अडकून बुडतात. हिंदी महासागरवाल्याच्या एका बेटावर पिल्लं रोगानेही मरतात."

"दोन्ही धोक्यात, मंग हा का तो, फरक काय पडते?"

"त्यांची बेटं वेगळी आहेत, काका. एकाची मोजणी दुसऱ्यात मिसळली तर कोणता किती कमी झाला ते कळणारच नाही."

हे मधुकररावांना एकदम कळलं. दोन गावचा कापूस एका ढिगात घातला की वाईट कापूस चांगल्यात लपतो आणि ढिगाचा भाव मात्र कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठीच तर ग्रेडर लागतो.

बाईंच्या टेबलावर त्यांची पक्ष्यांची वही होती. शेवटच्या पानावर गोल अक्षरात लिहिलं होतं, "डोके राखी. म्हणून अटलांटिकचा." त्याखाली लाल शाईची रेघ. काम झालं की त्या अशी रेघ ओढायच्या.

मधुकररावांनी फोटो उघडला. पक्षी जहाजाच्या कडेने पंख पसरून चालला होता. डोकं राखी दिसत होतं. बाई बरोबर होत्या. तेवढं लिहून पाठवायचं म्हणून ते बसले आणि सवयीने त्यांनी नमुना पुन्हा पाहिला.

रुईचा रंग पाहायचा तर नुसती रुई पाहून चालत नाही. उजेड सकाळचा की संध्याकाळचा, ढग आहेत की ऊन, त्यावर पांढरी रुई पिवळट दिसते, नाही तर मळकी दिसते. म्हणून शेजारी ओळखीचा पांढरा नमुना ठेवतात आणि पांढऱ्याशी पांढरं लावून पाहतात. मधुकररावांनी फोटोत ओळखीचं पांढरं शोधलं. खालच्या कोपऱ्यात जहाजाच्या कठड्याचा एक दांडा आला होता. तोही राखी होता. पक्ष्याचं पोटही राखी होतं. डोकं त्याहून जास्त राखी नव्हतं.

त्यांनी निकेशला फोन लावला. तिसऱ्या वेळी लागला.

"तुमच्या जहाजाचा कठडा कोणत्या रंगाचा आहे रे?"

"कठडा?" निकेश म्हणाला. "पांढरा. निघाच्या आधीच रंग मारलता. काऊन बाबा?"

"फोटो किती वाजताचा?"

"दिवस बुडता बुडता. आभाळ होतं." मग त्याने विचारलं, "तुम्ही तो फोटो पाहून राह्यले काय?"

"हाव. पाहून राह्यलो."



मग मधुकररावांनी चोच पाहिली. फोटो मोठा केला की तो फाटत होता, तरी पिवळी पट्टी कपाळाकडे निमुळती होताना दिसली. गोल नव्हती. जयवंताबाईंनी चूक केली होती. तीही उजेडाची, घरातल्याच माणसाने पाहिलं असतं तर झाली नसती अशी. सोमवारी त्यांनी हाक मारली होती. "जरा येता काय, एक पाखरू पाहाले?" मधुकरराव म्हणाले होते, "मले पाखरातलं काय समजते?" आणि पेपर वाचत बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते जिनिंगला गेले. हिरालालने चहा मागवला. व्यापारी माणूस, तीस वर्षांची ओळख. त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो हसला, पण हळू.

"वहिनीची चूक काढून राह्यला तू? जित्तेपणी जमलं होतं काय कधी?"

"नाई जमलं."

"मंग आता काऊन? एवढ्या दूरचं पाखरू. राखी आहे म्हणून लिहून दे. तिच्या नावाची शेवटची गोष्ट आहे बावा, राहू दे तिच्यासारखी."

मधुकररावांनी चहा संपवला. "माझ्या हातून मिसळ माल गेला असता अन् तिले कळलं असतं," ते म्हणाले, "तर तिनं मले जेवण वाढलं असतं काय?"

"वाढलं असतं," हिरालाल म्हणाला, "पण बोलली नसती चार दिवस."

"आठ."

"बरं, आठ," हिरालाल म्हणाला आणि पुढचा नमुना त्यांच्यासमोर सरकवला. मधुकररावांनी तो परत सरकवला. आज घरी काम आहे, म्हणाले.

घरी येऊन त्यांनी समीक्षाला फोन केला. ती म्हणाली, जात बदलता येते, नोंद काकूंच्याच नावावर राहते, फक्त कारण लिहावं लागतं. तिने कुठे काय दाबायचं ते सांगितलं. मधुकररावांनी एका बोटाने लिहिलं. त्याला पाऊण तास लागला.

"डोके राखी नाही. फोटो संध्याकाळचा, ढगाळ उजेडातला. शेजारचा पांढरा कठडाही तसाच राखी दिसतो. कठडा पांढरा असल्याचे मुलाला विचारून खात्री केली. चोचीवरची पिवळी पट्टी कपाळाकडे टोकदार वाटते. म्हणून हिंदी महासागराचा. आधीची ओळख जयवंताबाईंची. दुरुस्ती त्यांच्या पतीची. त्यांना विचारून करता आली नाही."

शेवटचं वाक्य खोडावं असं त्यांना वाटलं. मग तसंच ठेवलं. समीक्षाने ते इंग्रजीत करून दिलं. एक शब्दही बदलला नाही, असं ती म्हणाली.

चार दिवसांनी केप टाउनहून उत्तर आलं. कठड्याचा मुद्दा त्या माणसाने मान्य केला होता, आपल्या लक्षात आला नव्हता असंही लिहिलं होतं. पण फोनवरून आलेला फोटो लहान झालेला आहे, पट्टीचं टोक त्यात नक्की सांगता येत नाही. मूळ फोटो मिळाला तर ठरवता येईल. त्यासाठी मुदत वाढवून दिली होती.

मूळ फोटो निकेशच्या कॅमेऱ्यात होता. हा कॅमेरा आईनेच त्याला पाठवला होता, समुद्रावरचे पक्षी टिपायला. मधुकररावांनी फोन केला.

"बाबा, मी तो उघडलाच नाई त्या दिवसापासून," निकेश म्हणाला. "पेटीत ठेवला आहे. त्याच्यात फोटो काढून मी लगेच तिले पाठवला, अन् तिनं विचारलं अजून आहेत काय. मी म्हटलं उद्या पाठवतो."

"बरं."

"पाठवीन मी. मले थोडा वेळ द्या."

"घे. मुदत वाढवून भेटली आहे."

त्यांनी त्याला घाई केली नाही. दहा मिनिटांचं आपलं त्यांनी अजून कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी मुलाला सांगितलं.

नोंद सध्या "पिवळ्या चोचीचा अल्बट्रॉस, जात अनिश्चित" अशी आहे. बाईंच्या वहीतली ओळ मधुकररावांनी खोडलेली नाही, कारण बरोबर जात कोणती ते अजून ठरायचं आहे. मूळ फोटो आलेला नाही.